बांदोलची लाल वाइन : ठेवावी की उघडावी?

प्रश्न : ताई, माझा जावई फ्रान्समध्ये तुलूझला नोकरीला असतो. दिवाळीत येताना त्याने लाल वाइनची बाटली आणली. लेबलवरचं ‘दोमेन तांपिए’, ‘बांदोल’ आणि २०२० एवढंच मला कळतं. ‘बाबा, ही दहा वर्षं ठेवा,’ असं सांगून तो गेला. माझं वय ६८. खरंच ठेवायची का? आमच्याकडे वाइनसाठी वेगळी सोय नाही, सध्या फ्रिजच्या डोक्यावर ठेवली आहे.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : काका, आधी ती बाटली फ्रिजवरून खाली उतरवा. तिथे मागून सतत गरम हवा येते, कंप्रेसरची थरथर असते आणि वर ठाण्याचा उन्हाळा. वाइनला तेरा-चौदा अंशांची, अंधारी, न हलणारी जागा लागते. ती नसेल तर फ्रिजच्या आत, खालच्या भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवा. काही महिन्यांसाठी ती जागा कपाटापेक्षा कितीतरी बरी.

जावईबापूंचं म्हणणं चुकीचं नाही. तांपिए हा मळा, बांदोल हे त्याच्या भागाचं नाव आणि २०२० हे द्राक्षतोडणीचं साल. तांपिएची लाल वाइन दहा-पंधरा वर्षं सहज टिकते, चांगल्या सालातली त्याहूनही जास्त. पण हे तिथल्या थंड तळघराचं गणित झालं. आपल्या हवेत दहा वर्षं ठेवायची तर वाइनचं खास कपाट हवं आणि वीज जाऊन चालत नाही. एका बाटलीसाठी हा खटाटोप करू नका. या हिवाळ्यात उघडा, लेक-जावई घरी असताना उघडा. २०२० ची वाइन अजून तरुण आहे, पण आता तिच्यात प्यायलाच नको असं काही उरलेलं नाही. मी मार्सेयमधल्या वाइनच्या दुकानात काम करते, तिथल्या तळघर नसलेल्या गिऱ्हाइकांनाही हेच सांगते.

उघडताना दोन गोष्टी सांभाळा. जेवणाच्या दोन तास आधी बूच काढा आणि सगळी वाइन रुंद तोंडाच्या काचेच्या जगमध्ये ओतून ठेवा. नुसतं बूच काढून बाटली तशीच ठेवली तर त्या चिमुकल्या तोंडातून हवा आत जातच नाही. दुसरं म्हणजे ‘लाल वाइन रूम टेम्परेचरला प्यावी’ हा नियम युरोपातल्या गार घरांचा आहे. तुमच्या दिवाणखान्यात तीस अंश असतील तर वाइनमधला अल्कोहोल नाकात शिरेल आणि बाकी काहीच जाणवणार नाही. जग अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मग वाढा. सोळा-सतरा अंश तिला मानवतात.

प्रश्न : ताई, मी हॉटेल मॅनेजमेंट शिकते. वर्गात सांगितलं गेलं, की फ्रान्समधल्या कौटुंबिक मळ्यांची वाइन मोठ्या कंपन्यांच्या वाइनपेक्षा नेहमीच चांगली असते. हे खरं आहे का? घरचा मळा असला की वाइनमध्ये नक्की काय बदलतं?
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : नेहमीच, असं म्हणता येणार नाही. लेबलवर घराण्याचं नाव मिरवणारी पाणचट वाइन मी चाखली आहे आणि सहकारी संस्थेच्या टाकीतून आलेली उत्तम वाइन घरीही नेली आहे. घरच्या मळ्याचं बळ कुठे असेल तर निर्णयात. ज्याचं फळ हाती यायला दहा-वीस वर्षं लागतील, कदाचित आपल्या हयातीत येणारही नाही, असा निर्णय घ्यायला तिथे कुणीतरी धजावतं. वर काकांनी विचारलेल्या तांपिएचीच गोष्ट तुला मुळापासून सांगते. माझ्या मते ती या विषयातली सगळ्यात स्वच्छ गोष्ट आहे.

बांदोल हे भूमध्य समुद्रावरचं बंदर, मार्सेय आणि तुलाँ यांच्या मधलं. एकोणिसाव्या शतकात इथून वाइनची पिंपं जहाजांवर चढत, पिंपावर ‘बी’ हे अक्षर डागलेलं असे. ही वाइन मूर्वेद्र नावाच्या द्राक्षाची. समुद्रप्रवासात ती बिघडत नाही, उलट सुधारते, अशी तिची ख्याती होती. मग फायलोक्सेरा आली. मुळांवर जगणारी ही सूक्ष्म कीड अमेरिकेतून आली आणि १८६० नंतरच्या काही दशकांत तिने फ्रान्सच्या बागा उजाड केल्या. किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन खुंटावर फ्रेंच वाणाचं कलम करायचं, हा त्यावरचा उपाय निघाला. पण मूर्वेद्रचं कलम त्या खुंटांवर नीट धरेना. मुळात तो वाण उशिरा पिकणारा, माल कमी देणारा. शेतकऱ्यांनी त्याचा नाद सोडला आणि भरघोस माल देणारे साधे वाण लावले. बांदोलची जुनी लाल वाइन जवळजवळ संपली.

तांपिए घराण्याकडे हा मळा १८३४ पासून आहे. या घरातली ल्युसी, जिला सगळे लुलू म्हणत, तिचं १९३६ साली ल्युसियाँ पेरो यांच्याशी लग्न झालं. लुलूचे वडील आल्फाँस तांपिए मार्सेयमध्ये चामड्याचा व्यापार करत. त्यांनी जावयापुढे याच मळ्यातली, फायलोक्सेराच्या आधीच्या काळातली लाल वाइन ठेवली. ती चाखल्यापासून ल्युसियाँच्या मनातून मूर्वेद्र गेला नाही. १९४० मध्ये सासऱ्यांनी मळा लेकी-जावयाच्या हाती सोपवला. युद्धाचा काळ, घरात ना वीज ना नळाचं पाणी, पदरात लहान मुलं. अशा वेळी या दोघांनी ठरवलं, की ज्या वाणाला सगळ्यांनी सोडून दिलं तोच पुन्हा लावायचा.

पुढच्याच वर्षी, १९४१ साली, बांदोलला अपेलासिआँ मिळाली. कोणत्या गावांत, कोणत्या वाणांची, कशी वाइन केली तर तिला हे नाव लावता येईल, हे कायद्याने ठरलं. त्या प्रयत्नांत ल्युसियाँ पुढे होते. सुरुवातीला मूर्वेद्रचा वाटा थोडाच ठेवावा लागला, कारण तेवढी झाडंच नव्हती. तो टप्प्याटप्प्याने वाढवत नेला. आज बांदोलच्या लाल वाइनमध्ये किमान ५० टक्के मूर्वेद्र लागतो, वाइन किमान १८ महिने लाकडात मुरावी लागते, तोडणी हातानेच करावी लागते आणि हेक्टरी ४० हेक्टोलिटरच्या वर उत्पादन घेता येत नाही. आपल्या हिशेबात एकरी साधारण १,६०० लिटर. बागायतदाराच्या घरात वाढल्यामुळे मला हा शेवटचा आकडा सगळ्यात जास्त बोलका वाटतो. माल कमी काढायचा, आणि तोही स्वतःच मागून घेतलेल्या कायद्याने!

मळ्याच्या नावाने पहिली लाल वाइन बाटलीत उतरली ती १९५१ ची. हाती मळा आल्यापासून अकरा वर्षांनी. तोवर आधार होता रोझेचा, म्हणजे गुलाबी वाइनचा, ती १९४३ पासून बाटलीबंद होत होती. आजही बांदोलमध्ये बहुतांश वाइन रोझेच होते आणि त्याचं कारण सरळ आहे. सप्टेंबरात तोडलेल्या द्राक्षांची रोझे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत विकून मोकळी होते, लाल वाइन मात्र वर्षानुवर्षं पैसा अडकवून ठेवते. रोझेला कमी लेखणारे लोक भेटतात तेव्हा मला राग येतो. तिच्या पैशावर इथली लाल वाइन जगली आहे.

आता वारसाहक्काचं. फ्रान्समध्ये १८०४ च्या नागरी संहितेपासून आईवडिलांच्या मिळकतीत प्रत्येक मुलाचा वाटा कायद्याने राखलेला आहे, एकट्या मुलाच्या नावावर सगळं करता येत नाही. आपल्याकडे सातबाऱ्यावर नावं वाढत जातात आणि बांध घालता घालता वावर संपतं, तसं तिथल्या मळ्यांचंही झालं. बर्गंडी या फ्रान्समधल्या वाइनच्या भागात तर कुणाच्या वाट्याला एखाद्या मळ्यातल्या वेलींच्या काही ओळी, अशी अवस्था आहे. ती संहिता लिहिणाऱ्या चौघांतले पोर्तालिस हे बांदोलजवळच्याच ल बोसे गावचे आणि त्यांच्या घराण्याचा शातो प्रादो हा मळा १७५२ पासून आजतागायत त्याच घराण्यात आहे. तीही मूर्वेद्रचीच वाइन, तांपिएपेक्षा कडक, आणखी वाट पाहायला लावणारी.

लुलू-ल्युसियाँना सात मुलं. तरी मळा एकसंध राहिला. १९७४ पासून दोन मुलांनी कामं वाटून घेतली, जाँ-मारीने वाइन पाहिली आणि फ्राँस्वाने बाग. ते निवृत्त झाले तेव्हा, २००० साली, कुटुंबाने घरातलं कुणी पुढे न करता डानिएल राविए या जाणत्या माणसाच्या हाती कारभार दिला आणि मालकी आपल्याकडे ठेवली. मला हा निर्णय मूर्वेद्र लावण्याइतकाच मोठा वाटतो. मळा टिकवायचा तर तो आपल्याच पोरांनी चालवला पाहिजे, हा हट्ट त्यांनी सोडला. लुलू स्वतः ऑक्टोबर २०२० मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी गेल्या. चुलीवर पाहुण्यांसाठी रांधणारी बाई म्हणून जगभरचे वाइनवाले त्यांना ओळखत.

तू उद्या हॉटेलात काम करशील तेव्हा ‘हे घराणं किती जुनं?’ एवढ्यावर थांबू नकोस. लेबलवर वाइन मळ्यावरच बाटलीबंद केल्याचा उल्लेख आहे का ते बघ. एकरी किती काढतात, वाइन किती काळ मुरवतात, द्राक्ष स्वतःची की विकतची, हे विचार. उत्तरं चांगली आली तर मालक कुटुंब आहे की कंपनी, याने फारसं बिघडत नाही.

प्रश्न : पॅरिसहून आणलेली बांदोलची बाटली उघडली तर गोठ्यासारखा, ओल्या चामड्यासारखा वास आला. सगळ्यांनी पेले खाली ठेवले. वाइन नासली होती का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : बहुधा नाही. मूर्वेद्र बंद बाटलीत कोंडल्यासारखा होतो, कारण त्याला हवा कमी मिळाली की गंधकाचे वास जमतात. जगमध्ये ओतून तासभर ठेवली की ते बरेचसे उडून जातात आणि मागून काळी फळं, रानातल्या वाळक्या वनस्पती, मिरी असे वास वर येतात. चामड्याचा थोडा वास तर या द्राक्षाचा स्वभावच आहे. गोठ्याचा वास मात्र काही वेळा ब्रेटानोमायसिस नावाच्या यीस्टमुळे येतो आणि तो हवेने जात नाही. थोडा असला तर काही जणांना आवडतो. मला फळाचा वास झाकून टाकेल इतका झालेला चालत नाही. अशी बाटली मी परत करते.

खरी नासकी वाइन वेगळी ओळखू येते. ओल्या पुठ्ठ्याचा, बुरसट तळघराचा वास आला तर दोष बुचाचा. ती कितीही वेळ ठेवली तरी सुधारत नाही, उलट वास वाढतो.

प्रश्न : आमच्या घरी रविवारी तांबडा-पांढरा असतो. तांपिएसारखी लाल वाइन त्याबरोबर चालेल?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तांबड्याबरोबर नको. या वाइनमध्ये टॅनिन भरपूर, म्हणजे कच्च्या सुपारीसारखा तुरटपणा. तिखट आणि टॅनिन एकत्र आले की जीभ दोन्हीकडून भाजते आणि रश्श्याचाही बळी जातो. कोल्हापुरी रस्सा इतका चांगला असतो, की त्याचा असा अपमान करू नये.

पण तुमच्याच घरात याचं उत्तम उत्तर आहे. मटण शिजवून अळणी काढता ना, त्यातल्या चार-पाच चरबीच्या फोडी बाजूला ठेवा. लोखंडी तव्यावर तूप, ठेचलेला लसूण आणि भरडलेली मिरी घालून त्या लालसर परता, वरून मीठ. मूर्वेद्रच्या तुरटपणाला चरबी आणि करपलेली कड लागते. बांदोलमध्येही याच विचाराने कोकराची मांडी छाटणीच्या वाळलेल्या द्राक्षकाड्यांच्या निखाऱ्यावर भाजतात. आधी या फोडी आणि वाइन, मग पेला बाजूला सारून रस्सा ओरपा.

शाकाहारी घरांनी विचारायच्या आधीच सांगते, चुलीवर किंवा कोळशावर भाजलेल्या वांग्याचं भरीत करा, मिरची बेताची आणि शेंगदाण्याचं तेल सढळ. मी ते फ्रेंच पाहुण्यांना या वाइनबरोबर वाढते आणि भांडं पुसून जातं.

प्रश्न : लंडनमधल्या दुकानात तांपिएची साधी लाल वाइन होती, शिवाय ला मिगुआ, ला तुर्तीन आणि काबासाऊ अशा तीन महागड्या. जादा पैसे द्यावेत का?
– एक वाचक, लंडन

उत्तर : पहिल्यांदाच घेत असाल तर साधी घ्या. सगळ्या तुकड्यांतली द्राक्षं एकत्र करून ती बनते आणि घराची ओळख तीच करून देते.

बाकी तीन नावं मळ्याच्या वेगवेगळ्या तुकड्यांची आहेत. ला मिगुआमध्ये मूर्वेद्र जेमतेम निम्मा, बाकी ग्रनाश, सँसो वगैरे दुसरे वाण, त्यामुळे ती सुगंधी आणि जरा मोकळी. ला तुर्तीन दक्षिणेकडे तोंड केलेल्या उताराच्या पायऱ्यांवर, मूर्वेद्र खूप जास्त, बांधा भरदार. काबासाऊ हा त्याच उताराच्या तळाचा, मिस्त्राल वाऱ्यापासून आडोशाचा छोटा तुकडा. त्यात जुनी झाडं, जवळजवळ निव्वळ मूर्वेद्र. ती आज घेऊन आज पिणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

मिगुआ मला सगळ्यात प्रिय आणि त्यात जमिनीचा भाग मोठा आहे. या डोंगराळ पट्ट्यात भूगर्भ उलटापालटा झालेला आहे. ट्रायासिक काळातले जुने खडक वर आणि क्रिटेशियस काळातले नवे खाली. मार्सेल बेर्त्राँ या फ्रेंच भूशास्त्रज्ञाने १८८७ मध्ये ल बोसेच्या या खडकांचा उलगडा केला. जमिनीचे प्रचंड थर एकमेकांवर सरकत जाऊन बसू शकतात, हे समजण्यातला तो महत्त्वाचा टप्पा होता. मिगुआची द्राक्षं त्या जुन्या, वर येऊन बसलेल्या मातीत वाढतात.

प्रश्न : उघडलेली लाल वाइन किती दिवस टिकते?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये, तीन दिवस. तरुण बांदोल दुसऱ्या दिवशी अनेकदा जास्त चांगली लागते.

प्रश्न : ताई, मी निफाड तालुक्यातला. बागेत बहुतेक थॉमसन, म्हणजे खायची द्राक्षं आहेत, आणि दोन एकर शिराझ हा वाइनचा वाण वाइनरीला करारावर देतो. तुमचं मूर्वेद्रबद्दल बोलणं एका कार्यक्रमात ऐकलं. ते आपल्याकडे लावू का?
– एक द्राक्ष बागायतदार

उत्तर : भाऊ, मी दिंडोरीची, वडिलांची बाग अजून उभी आहे, तेव्हा हे उत्तर घरचं समजून वाचा. दोन एकर मोडून लावू नका.

बांदोलमध्ये वेल हिवाळ्यात झोपतो, एप्रिलच्या सुमारास फुटतो आणि सप्टेंबर उलटताना पिकतो. दिवसा ऊन कडक, पण दिवस लहान होत चाललेले आणि रात्री गार. शेवटच्या त्या आठवड्यांत साल, बी आणि रंग पिकतो, आंबटपणाही टिकतो. आपल्याकडे एप्रिलात काडीसाठी खरड छाटणी, ऑक्टोबरात फळासाठी गोडी छाटणी, आणि माल पक्व होतो तो वाढत्या उन्हात. उशिरा पिकणारा वाण म्हटला की तोडणी मार्चच्या पुढे ढकलली जाणार. साखर धावत वर जाईल, आंबटपणा उतरेल, पण साल-बी मागे राहील, आणि डोक्यावर अवकाळी आणि गारपिटीची टांगती तलवार. भुरी आणि डाउनी हे दोन्ही बुरशीचे रोग या वाणाला लवकर धरतात. बांदोलला मिस्त्रालचा कोरडा वारा पानं सुकवतो, तो आपल्याकडे कुठून आणायचा?

तरी करून बघायची इच्छा असेल तर खुंटापासून विचार करा. थॉमसनसाठी आपण डॉगरिज हा खुंट वापरतो, कारण तो खारं पाणी आणि ताण सोसतो, पण त्याचा जोर फार, काडी आणि पानोळाच वाढतो. वाइनच्या वाणांना ११० आर हा खुंट बरा. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात आधी विचारा. छाटणी लवकरात लवकर घेता येईल असा, निचऱ्याचा, उताराचा कोपरा निवडा. ओलांड्यावर, म्हणजे वेलाच्या आडव्या फांदीवर, घड मोजके ठेवा, एकरी टनांचा मोह इथे चालणार नाही. आणि सगळ्यात आधी वाइनरीकडून लेखी घ्या, की त्या कोपऱ्यातली द्राक्षं ते वेगळी मोजतील, वेगळी आंबवतील आणि दर ब्रिक्सवर, म्हणजे साखरेच्या मापावर, न ठरवता चव बघून ठरवतील. तेवढं मिळालं तर कलमं बांधा, नाहीतर शिराझच नीट करा. निफाडच्या शिराझमध्ये अजून पुष्कळ वाइन दडलेली आहे.